वाचकांचे प्रश्न : खाली नेट पळतं, वर रांगतं

वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, या एकाच तक्रारीची पत्रं या खेपेला इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी पानं तिलाच दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सांगलीला आमचा दुमजली बंगला आहे. राउटर खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटात. मुलाची खोली वर, बरोबर विरुद्ध कोपऱ्यात. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. खाली ९० पर्यंत वेग मिळतो, वर जेमतेम ४ ते ६. दुकानदाराने रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) दिला, तो मुलाच्या खोलीत लावला. आता मोबाईल रेंज फुल दाखवतो, पण वेग होता तेवढाच आणि व्हिडिओ कॉल अडकतो तो अडकतोच. रिपीटर खराब निघाला का?

उत्तर : रिपीटर ठीक असणार, जागा चुकली आहे. मोबाईलवर दिसते ती रेंज मोबाईल आणि रिपीटर यांच्यातली. रिपीटरला खालून किती मिळतंय, हे त्यात कुठेच दिसत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी अडथळा समजून घ्या. घरचा स्लॅब साधारण ५ ते ६ इंचांचा असतो. लोक सळयांना दोष देतात. त्यांचा वाटा आहेच, पण जास्त मार काँक्रीटचा आणि त्यात मुरलेल्या ओलीचा. शिवाय लहरी विरुद्ध कोपऱ्यात जातात त्या तिरप्या. सरळ वर जाणाऱ्या लहरीला ६ इंच काँक्रीट लागतं, तर ६० अंश कललेल्या लहरीला तेवढ्याच स्लॅबमधून १२ इंच कापावे लागतात. वाटेत वरचं बाथरूम आलं तर आणखी वाईट. तिथे स्लॅब खाली घेतलेला असतो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल आणि पाण्याचे पाइप. वायफायच्या दोन बँडांपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गीगाहर्ट्झचा बँड या सगळ्यात २.४ पेक्षा लवकर दमतो. म्हणून वर ५ चं नावच दिसत नाही आणि २.४ नुसतं दिसतं.

आता रेंजच्या दांड्या विसरा आणि आकडा पाहा. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत अॅप सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दाखवतं. आयफोनवर अॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे मेसेज जातात, कॉल तुटतात. हा फरक दिसतो तेवढा साधा नाही, कारण दर १० डीबीला ताकद दहावा हिस्सा उरते.

रिपीटर बंद करा आणि मोबाईल हातात घेऊन हॉलमधून जिन्याने वर चालत जा. प्रत्येक टप्प्यावर थांबून १० सेकंद आकडा स्थिर होऊ द्या. उणे ६० ते उणे ६५ जिथे मिळेल, ती रिपीटरची जागा. बहुतेक घरांत ती जिन्याच्या मधल्या चौकात किंवा जिना संपतो तिथे निघते, कारण जिन्याच्या पोकळीत स्लॅबच नसतो आणि लहरी तिथूनच वर येतात. अडचण एकच, तिथे प्लग नसतो. जिन्यात टू-वे स्विचची पेटी असते, पण तिच्यात बहुधा न्यूट्रल आणलेली नसते. नुसत्या फेजवर सॉकेट चालत नाही. वायरमनला दिव्याच्या होल्डरपासून किंवा जवळच्या खोलीच्या बोर्डातून न्यूट्रल ओढायला सांगा. न्यूट्रलऐवजी अर्थिंग जोडून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

हे सगळं करण्याआधी राउटर टीव्हीच्या युनिटातून बाहेर काढा. टीव्हीच्या मागे धातूची पाठ, शेजारी सेट-टॉप बॉक्स, वर प्लायचं झाकण, अशा जागी राउटर ठेवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबणं. भिंतीवर ६ फुटांच्या वर, शक्यतो जिन्याच्या बाजूला लावा. पण कंपनीकडून आलेली फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर स्वतः ओढू नका. तिला ३ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा वळसा बसला की प्रकाश गळतो. लांब वायर लागली तर कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या.

इतकं करूनही रिपीटर वेग अर्ध्यावर आणतो, हे लक्षात असू द्या. साधा रिपीटर एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. दोन्ही बँडचा घेतला आणि एका बँडवर खालचं घेऊन दुसऱ्यावर वर दिलं, तर नुकसान कमी होतं. तुमच्या १०० मधून वर २५-३० स्थिर मिळाले, तर रिपीटरने आपलं काम केलं म्हणायचं. त्याहून जास्त हवं असेल तर हवेतून स्लॅबशी भांडू नका. नेट वायरने वर न्या आणि वायफाय फक्त त्या मजल्यापुरतं ठेवा. पुढची उत्तरं बरीचशी त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : नाशिकला रो-हाउसमध्ये राहतो. वर वायर न्यायची तयारी आहे, पण भिंती फोडायच्या नाहीत. कपाटात एक जुना राउटरही पडून आहे. तो वर वापरता येईल का? की नवीन मेशच (आपसात बोलणाऱ्या वायफाय डब्यांची जोडी) घ्यावं?

उत्तर : जुना राउटर वापरा, पैसे वाचवा. वायर मिळाली की त्याला फक्त अॅक्सेस पॉइंटचं, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायवर वाटण्याचं काम करायचं असतं.

आधी वायरची वाट. तुमच्याकडे कधी डिशची छत्री असेल, तर गच्चीपासून हॉलच्या टीव्हीपर्यंत तिची काळी किंवा पांढरी कोॲक्स वायर पाइपातून गेलेली असते. छत्री वापरात नसेल तर तीच वायर तुमची ओढदोरी. कोॲक्सची जाडी सुमारे ७ मिलिमीटर आणि नेटसाठीच्या ‘कॅट ६’ वायरची ६, म्हणजे कॅट ६ त्या पाइपात बसते. कॅट ६ चं वरचं आवरण १० सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना कोॲक्सच्या टोकाशी पुढेमागे गुंफा, आणि पूर्ण जोडावर इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा. जोड जाडजूड झाला तर पहिल्याच बेंडमध्ये अडकतो. एकाने खालून हळूहळू भरायचं, दुसऱ्याने वरून ओढायचं. कॅट ६ वर ११ किलोपेक्षा जास्त ओढ देऊ नये. अडकली तर हिसका न देता थोडी मागे घ्या, जोडाला धुण्याच्या साबणाचं दाट पाणी लावा आणि पुन्हा ओढा. वरच्या आणि खालच्या टोकाला दीड-दोन मीटर जास्तीची ठेवा.

विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ही वायर नेऊ नका. तो पाइप रिकामा दिसला तरी नाही. समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर ठेवा, आडवी ओलांडायची असेल तर काटकोनात.

वायर घेताना ‘कॉपर’ एवढंच ऐकून घेऊ नका. स्वस्त बंडलांत बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी चमक दिसते. ती वाकवल्यावर लवकर तुटते. १५-२० मीटरसाठी फरक काही शेकड्यांचाच पडतो, तिथे हात आखडू नये.

आता जुना राउटर. खालच्या मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असं धरू. (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंकांत.) जुना राउटर मुख्य राउटरला न जोडता फक्त लॅपटॉपला वायरने जोडा. मागच्या छोट्या भोकात पिन घालून १० सेकंद दाबा, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातील. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

नसेल तर क्रम असा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवा, सुरक्षेचा प्रकारही तोच. २.४ चं चॅनेल खाली १ असेल तर वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मग त्याचा लॅन (घरातल्या जाळ्यातला) पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो पत्ता मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) यादीत येत नाही ना, हे पाहा. यादी २ पासून सुरू होत असेल तर ती १० पासून करा. पत्ता बदलला की पान तुटतं, नव्या पत्त्यावर पुन्हा जा. डीएचसीपी बंद करणं ही अगदी शेवटची पायरी. आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि माणूस राउटर बिघडला म्हणून परत दुकानात जातो. शेवटी खालून आलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं पोर्ट, जे सहसा वेगळ्या रंगाचं असतं, ते रिकामं ठेवा.

वायर चुकून वॅनमध्ये लावली तर नेट चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण वर दुसरंच जाळं तयार होतं आणि खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत नाही. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं तर त्याहून चमत्कारिक प्रकार होतो. काही मोबाईल चालतात, काही ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर उलट.

प्रश्न : कोल्हापूर. वर कॅट ६ ओढून घेतली, कनेक्शन ३०० एमबीपीएसचं आहे, खाली २९० मिळतात. वर लॅपटॉप थेट वायरला लावला तरी ९४ च्या वर काटा हलत नाही. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडून पूर्ण येतंय.

उत्तर : कंपनीवाले खरं बोलताहेत. ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर वरकड खर्च जाऊन हातात ९४ च पडतात. म्हणजे दोन टोकांतली जोडणी गीगाबिटवर न होता शंभरावर उतरली आहे. विंडोजमध्ये इथरनेटच्या तपशिलात ‘लिंक स्पीड’ पाहा, १०००/१००० च्या जागी १००/१०० दिसेल.

कॅट ६ मध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. शंभराला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गीगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी टोकाला नीट बसली नाही, तर बहुतेक उपकरणं मुकाट शंभरावर येतात. नारिंगी तुटली असती तर नेटच बंद पडलं असतं आणि तुम्ही पहिल्याच दिवशी वायरमनला बोलावलं असतं.

टोकं पुन्हा मारून घ्या, दोन्ही. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की डावीकडून क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही बाजूंना हाच. चूक होते ती मधे. हिरव्या जोडीत निळी जोडी घुसवायची असते, आणि रंग शेजारी-शेजारी ठेवणाऱ्याला वाटतं हिरव्या दोन्ही एकत्रच बरोबर दिसतात. पीळ उलगडायचा तो १३ मिलिमीटरपर्यंतच. तारा सरळ करून, एका रेषेत कापून मग कनेक्टरमध्ये सारा. समोरच्या प्लॅस्टिकला आठही टोकं टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादी सुटते. आठ दिव्यांचा साधा टेस्टर वायरमनकडे असतोच. दिवे १ ते ८ दोन्हीकडे एका क्रमाने लागायला हवेत.

टोकं बरोबर असूनही ९४ च राहिलं तर मधलं उपकरण पाहा. बऱ्याच जुन्या आणि काही नव्या स्वस्त राउटरची पोर्टं शंभराचीच असतात, खोक्यावर वायफायचा आकडा १२०० छापलेला असला तरी.

प्रश्न : सिंधुदुर्गात जुनं चिऱ्याचं घर आहे, वर लाकडी पाटातनाची माडी. राउटर पडवीत आहे. मुंबईहून लेक आली की माडीवर बसून काम करते, पण नेट टिकत नाही. बाहेरून वायर नेऊ का?

उत्तर : तुमच्याकडे वैरी स्लॅब नाही. सुकं लाकूड लहरींना फारसं अडवत नाही. अडवतात त्या चिऱ्याच्या जाड भिंती. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पडवीतून माडीपर्यंत जाताना अशा दोन भिंती तरी लागतात. राउटर माजघरात, माडीच्या बरोबर खाली, तुळईजवळ उंच टांगा. अँटेना हलवता येत असतील तर एक उभी ठेवा आणि एक पूर्ण आडवी करा. उभी अँटेना आजूबाजूला पसरते आणि नेमकी डोक्यावरच सर्वांत कमी पोचते. एवढ्यानेच काम होण्याची शक्यता मोठी आहे.

कौलांच्या खाली पत्रे घातले असतील किंवा माडीवर लोखंडी कपाट राउटरच्या बरोबर वर असेल, तर मात्र ते आड येईल. कपाट हातभर सरकवून पाहा.

तरीही वायर न्यायचीच झाली तर आतून, तुळईच्या कडेने न्या. बाहेरून नेली तर तीन शत्रू : ऊन, वानरं आणि वीज. उन्हासाठी काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची केबल येते. वानरांसाठी पीव्हीसी पाइप. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांवर घरगुती उपाय नाही. शेजारच्या दुसऱ्या इमारतीपर्यंत तांब्याची वायर ताणू नका. जवळ वीज पडली तर दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे) वापरा, काचेतून वीज धावत नाही. भिंतीत भोक पाडाल तेव्हा ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पागोळीचं पाणी वायरीवरून घरात येणार नाही.

प्रश्न : डोंबिवलीत भाड्याचा ड्युप्लेक्स. मालक एक खिळा ठोकू देत नाहीत. विजेच्या वायरीतून नेट नेणारे अॅडॉप्टर चालतात का, की मेशच घेऊ?

उत्तर : पॉवरलाइन अॅडॉप्टर चालतात, पण घराच्या वायरिंगवर सगळं अवलंबून. दोन्ही अॅडॉप्टर एकाच मीटरवर आणि एकाच फेजवर हवेत. तुमच्याकडे थ्री-फेज आहे का ते आठवून पाहा. एक फेज गेला की अर्ध्या घरातले दिवे जातात, असं होत असेल तर आहे. मग खालच्या हॉलची आणि वरच्या खोलीची फेज एकच आहे का, हे त्याच वेळी कळेल. इन्व्हर्टरच्या लायनीवरचं सॉकेट एका टोकाला आणि साधं दुसऱ्या टोकाला, अशी जोडी टाळा. अॅडॉप्टर थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. स्पाइक गार्डमध्ये लावलात तर तो नेमका हाच सिग्नल कचरा समजून गाळतो. घेताना परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या.

मेशची जोडी तुमच्यासाठी जास्त बिनधोक. दुसरा डबा कामाच्या टेबलावर न ठेवता जिन्याच्या वरच्या टोकाला ठेवा, पहिल्या उत्तरातलं उणे ६० ते ६५ चं गणित इथेही तेच. तीन बँडचं मेश असेल तर एक बँड दोन डब्यांच्या आपसातल्या बोलण्याला राखून ठेवता येतो आणि वेगाची अर्धी-अर्धी वाटणी टळते. ५ गीगाहर्ट्झवर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ पैकी ठेवा. मधल्या चॅनेलांवर राउटरला रडारची चाहूल घ्यावी लागते, आणि तशी शंका आली की तो चॅनेल सोडून उठतो. तुमचा कॉल तेवढ्यापुरता जातो.

प्रश्न : वर वेगळा अॅक्सेस पॉइंट आहे, नाव-पासवर्ड एकच ठेवलाय. तरी खालून वर आल्यावर मोबाईल खालच्यालाच चिकटून राहतो. (पुणे)

उत्तर : कुठला धरायचा हे मोबाईल ठरवतो, राउटर नाही. आयफोन साधारण उणे ७० च्या खाली घसरल्याशिवाय दुसरा शोधायला लागत नाही. तुमच्या खालच्या राउटरचा आवाज वरपर्यंत उणे ६८ ने येत असेल, तर फोनच्या मते सगळं आलबेल. खालच्याची ट्रान्समिट पॉवर ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा. उलटं वाटेल, पण रेंज कमी केल्यानेच हे सुटतं. दोन्हीकडे ८०२.११के आणि व्ही हे मोबाईलला दुसऱ्या डब्याकडे वळायला मदत करणारे पर्याय असतील तर चालू करा. त्यांच्याच जोडीचा ८०२.११आर मात्र जपून, जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग त्यावर रुसतात.

प्रश्न : राउटरच्या मागे अॅल्युमिनियम फॉइल लावलं की रेंज वाढते म्हणतात. खरं का?

उत्तर : एका दिशेला थोडी वाढते, कारण दुसऱ्या दिशेची जाते. स्लॅबला फॉइल पुरत नाही.

प्रश्न : लाईट गेली की खालचं नेट इन्व्हर्टरवर चालतं, वरचं बंद. वर इन्व्हर्टरची लाईन नाही. (जळगाव)

उत्तर : वरच्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. डब्याच्या अॅडॉप्टरवर ‘आउटपुट’ वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा दीड अँपिअर असं असतं. यूपीएसचे व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचं चित्रही जुळवून घ्या, मधे अधिक की उणे. काही डबे ९ किंवा ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले तर जळतात. आणि खाली फायबरचा ओएनटी (फायबरची वायर ज्यात येते तो डबा) राउटरपासून वेगळा असेल तर तोही इन्व्हर्टरच्या सॉकेटावर आहे ना, एकदा पाहा. राउटरचे दिवे लागलेले आणि नेट बंद, या प्रकारात ओएनटीचा प्लग साध्या बोर्डात निघतो.